आक्का, तुझ्या छातीत कसं व्हायचं?

४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

अक्षर ओळखलंच असशील. फाडायच्या आधी एवढं एक पान वाच, मग चुलीत घाल. मी माफी मागायला लिहून न्हाई राहिले, आन भांडायलाबी न्हाई. फोन केला असता, पण तुझ्या फोनवर माझा नंबर लागत न्हाई, आठ वर्षं झाली. लागला असता तरी या घरात बोलायची सोय कुठं हाय? म्हातारपणी सासूचे कान लईच तिखट झालेत. मी फोनवर एक शब्द बोलले की ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज येतो, "कोन गं?"

काम एवढंच हाय. आमच्या गल्लीत एक बाई हाय. तू ओळखत न्हाईस, नवीन लोक हाईत. वय पंचेचाळीस. तिला आठ-धा दिवसांपासून छातीत धडधड होऊन राहिली. पळताना न्हाई, वझं उचलताना न्हाई, बसल्या जागी. भाकर थापताना. नातवाला भरवताना. काही कारण नसताना काळीज असं उडायला लागतं की पोत्यात कोंबडी कोंबल्यासारखं. मग मानेपासून गरम वाफ वर चढते, कपाळ भिजतं, हाताला मुंग्या येतात, आन तिला वाटतं की झालं, आता आपण गेलो. धा मिनिटांनी सगळं शांत. तवा बाई परत भाकर थापायला बसते, कारण तव्यावरची करपलेली असते.

तुला तसंच व्हायचं ना? तुला किती वेळ राहायचं? त्याच्यावर तू काय करायचीस? ते कधी थांबलं, का अजून हाय? तेवढं लिही, मी त्या बाईला सांगते. बिचारी लई घाबरलीय.

लिफाफ्यात दुसरा लिफाफा ठेवलाय, तिकीट लावून, पत्ता लिहून. तुला काहीच करायचं न्हाई, दोन ओळी खरडायच्या आन डब्यात टाकायचं. तू लिहिणार न्हाईस हे म्हाईत हाय. तरी ठेवलाय.

हळद काढणं चालू हाय. औंदा गड्डा चांगला पोसलाय.

चांगुणा


१५ फेब्रुवारी

आक्का,

अकरा दिवस झाले. पोस्टमनला दोनदा रस्त्यात थांबवलं. तो म्हणला, "काकू, आता पत्र फक्त बँक पाठवती." शहाणा कुठला.

बरं. गल्लीतली बाईबिई कोणी न्हाई, ती मीच हाय. तू दुसऱ्या ओळीलाच ओळखलं असणार. लहानपणी लोणच्याची बरणी फोडून मी मांजरीचं नाव सांगायचे, तवा तू नुसती माझ्याकडं बघत बसायचीस. आताबी पुसेगावला आईच्या घरात बसून तशीच बघून राहिली असशील. बघ बाई, पोटभर बघ.

झालं असं की जानेवारीच्या शेवटी हळद शिजवायला लावली होती. तुझ्या वेळची काहील आता राहिली न्हाई. ट्रॅक्टरमागं पिंपांचं मशीन येतं, खाली जाळ, पिंपात वाफ. मशीनवाल्याला घाई असते, पुढच्या शिवारात त्याचा नंबर लागलेला असतो. नेमक्या तीन बाया आल्या न्हाईत. मग टोपली उचलायला मी, हे, आन राजनंदिनी. राजनंदिनी म्हणजे माझी सून, तू तिला पाहिलं न्हाईस. गुणाची हाय. तोंड माझ्यावर गेलंय.

तिसरं पिंप खाली झालं. मी गरम हळद ताडपत्रीवर पसरून राहिले होते, आन छातीत सुरू झालं. मला वाटलं वाफेनं होत असेल. मग समोरचं सगळं पिवळं दिसायला लागलं. हळदच होती म्हणा समोर, पण आभाळबी पिवळं दिसलं. मशीनवाला ओरडला, "अमृतराव, बाईला धरा!" ह्यांनी, तुझ्या लाडक्या दिरानं, हातातली टोपली तशीच सोडली. गरम हळकुंडं त्यांच्या पायावर सांडली, फोड आले, ते त्यांना संध्याकाळी कळलं. मला मोटरसायकलवर मधी बसवलं, मागून राजनंदिनीनं आवळून धरलं, तसेच बाळापूरला, तिथून नांदेडला. छातीला वायरी लावून पट्टी काढली. हृदयाचा फोटो काढला, त्यात ते हालताना दिसतं. सगळं नॉर्मल. पोरगेला डॉक्टर होता, म्हणला, "काकू, टेन्शन घेऊ नका." मी म्हणलं, "मी कुठं घेते? तेच मला घेऊन राहिलं." तो हसला.

नॉर्मल ऐकून ह्यांचा जीव भांड्यात पडला. माझा काही पडला न्हाई. एवढ्या मोठ्या मशीनला सापडत न्हाई म्हणजे ते कुठंतरी लपून बसलंय, असंच मला वाटतं. तवापासून मी काय काय करून राहिले ते सांगितलं तर तू हसशील. मनगटाची नाडी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसते. बाहेर निघाले की धडका परकर घालते, रस्त्यात पडले तर लोकांनी फाटका बघायला नको. राजनंदिनीला वर्षाचं तिखट कसं करायचं, डाळीच्या डब्यात औषध किती टाकायचं, सगळं सांगून झालं. परवा ती म्हणली, "मामी, तुमी काहून असं बोलून राहिल्या? मला भ्याव वाटतं."

शेतात एकटी जात न्हाई. आन नातवाला, रुद्रला, कडेवर घेत न्हाई. दोन वर्षांचं लेकरू, हात वर करून माझ्यापुढं उभं राहतं, आन मी म्हणते, "बाबा, माझी कंबर दुखती." कंबर नखभरसुदिक दुखत न्हाई. त्याला घेऊन मी पडले तर काय करू, या भ्यावानं मी त्याला उचलत न्हाई.

आता एक गोष्ट सांगते, ती कोणालाच सांगितली न्हाई. त्या दिवशी मला अडचण होती. दोन महिने काहीच न्हाई, आन मग आली ती थांबायचं नावच न्हाई, नववा दिवस होता. आपल्या घरात शिजत्या हळदीपाशी अडचणीच्या बाईनं जायचं न्हाई, रंग मरतो, हे मी तुला काय सांगू? तू गोठ्याशेजारच्या खोलीत किती दिवस काढलेस. आत्याबाईंनी सकाळीच नारळ फोडला होता, जाळाला हळदकुंकू वाहिलं होतं. बाया आल्या न्हाईत, मशीन दारात उभं, मी कोणत्या तोंडानं सांगणार की मला जमत न्हाई? गुपचूप कामाला लागले. म्हणून पडले तवा पहिलं हेच मनात आलं, देवानं जागच्या जागी दाखवलं.

पण आक्का, रंग कसा आलाय सांगू? असा कधीच आला न्हाई. व्यापारी हळकुंड मोडून मोडून बघत होता. मग देव कोपला कशावर? हे मी कोणाला विचारू?

लिही गं. शिव्या लिहिल्यास तरी चालंल.

चांगुणा


५ मार्च

आक्का,

तू लिहिलं न्हाईस. आता मला राग यायला लागलाय. मग आठवतं की राग धरायचा हक्क तुझा हाय, तवा गप बसते.

माझी तारीख ठरली. पाडवा झाला की तीन एप्रिलला पिशवी काढायची.

ह्यांच्या दोस्तानं शहरातला एक खाजगी दवाखाना सांगितला. गेलो. डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला आन तिथंच ह्यांना म्हणला, "पिशवीला सूज आहे, गाठ आहे. लेकरं झाली ना? मग ठेवून काय करायची? सगळं एकदाच काढून टाकू, धडधड नाही, घाम नाही, कटकट नाही." हे म्हणले, "न्हाई काढली तर?" डॉक्टर म्हणला, "पुढं-मागं काही होऊ शकतं." बाहेर आल्यावर ह्यांनी दोस्ताला फोन लावला, "डॉक्टर कॅन्सर म्हणून राहिले." मी बाजूलाच उभी होते. डॉक्टरनं ते नाव काढलं न्हव्हतं. ह्यांच्या कानातच ते तसं शिरलं. माणूस घाबरला की त्याला तेच ऐकू येतं.

घरी येईपर्यंत गावाला कळलं होतं. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या बाईनं तीस वर्षांत कधी हात फिरवला न्हाई! मला वाटलं, मी खरंच चालले.

मी म्हणलं, "मला न्हाई काढायची." तर हे खळ्यावर, हळदीच्या ढिगाजवळ, पोरासारखे रडायला लागले. म्हणले, "तुला काही झालं तर मी कुठं जाऊ?" त्या माणसाला मी काय बोलू? पोरगा कंपनीतून रोज फोन करून राहिला, "आई, हट्ट करू नको." सगळे मायेनंच बोलून राहिलेत, आन मला सगळ्यांपासून पळून जावं वाटतंय. तारखेचं नुसतं नाव निघालं तरी छातीत सुरू होतं. दिवसातून चारदा, पाचदा. परवा एसटीत झालं तर मी मधल्याच फाट्यावर उतरले आन बाभळीखाली बसून राहिले.

तुझी तारीखबी अशीच ठरली होती. तू एकोणचाळीसची होतीस. तुला महिन्यातून बारा-बारा दिवस जायचं, तू गोठ्याशेजारी बसायचीस, आन हळदीचं, सैपाकाचं, धुण्याचं, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर पडायचं. दोघी बहिणी एका घरात दिल्या की कामाला चार हात होतील म्हणून आईबाबा खुश होते. चारातले दोनच राहायचे, आन ते माझे.

दवाखान्यात मीच तुला नेलं, हे खरं. दाजींना शेतातलं सोडून येता आलं न्हाई, म्हणून मी गेले. पण डॉक्टर जे म्हणले तेच मी घरी येऊन सांगितलं. मी माझ्या मनानं काही केलं न्हाई.

पिशवी काढल्यावर तुझी धडधड सुरू झाली होती ना? आधी न्हव्हती ना? मला नीट आठवत न्हाई. का आठवतंय आन मी आठवून घेत न्हाई, देव जाणे. डॉक्टर म्हणतो काढली की थांबती. तुझी तर काढल्यावर सुरू झाली. यातलं खरं काय? मला फक्त एवढंच कळायला पाहिजे, आन हे जगात मला तूच सांगू शकतीस. एक ओळ लिही. "काढ" नाहीतर "काढू नको."

चांगुणा


१९ मार्च

आक्का,

हे शेवटचं. याच्यानंतर तुला तकलीफ देणार न्हाई.

आमच्याकडं आशाताई हाय, संगिता. तिला माझ्या तारखेचं कळलं तवा ती दारात येऊन म्हणली, "काकू, एकदा माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चला. मग कुठं कापून घ्यायचं तिथं घ्या." बोलायला ही अशीच हाय. ह्यांना सांगितलं की रक्त तपासायला चालले, आन कळमनुरीला गेले.

तिथं एक बाई डॉक्टर हाय. माझ्याच वयाची असंल. तिनं कागद बघायच्या आधी मला बघितलं, आन विचारलं, "घाम येतो का? झोप मोडते का? विनाकारण रडू येतं का? कोणावर तरी ओरडावंसं वाटतं का?" मी म्हणलं, "बाई, तुमी काय भिंतीतून बघून राहिल्या का?" तर म्हणली, "मीही रोज ओरडते घरी." मग समजावलं. पाळी जायच्या आधी चार-पाच वर्षं शरीर असं हेलकावे खातं. कधी दोन महिने न्हाई, कधी बारा दिवस. त्यात छाती धडधडते, अंग पेटतं, जिवाला घोर लागतो. आन माझं रक्त आठवर आलं होतं, त्यानंबी काळीज पळतं. लोखंडाच्या गोळ्या दिल्या, चहा दोनच कप म्हणली, थायरॉईडचं तपासलं. गाठ बारकी हाय, सुपारीएवढी, ती औषधानं बघू म्हणली. पिशवीच्या आतला नमुना घेतला आन तपासायला पाठवला. धा दिवस मी काय काढलेत ते माझं मला म्हाईत. काल निकाल आला. स्वच्छ हाय. बाई म्हणली, "कॅन्सर नाही. पिशवी काढायची आज काही गरज नाही. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात तर लगेच या, बाकी घाबरू नका."

मी उठले, आन दारातून परत फिरले. म्हणलं, "बाई, एक विचारू? माझ्या बहिणीची एकोणचाळिसाव्या वर्षी काढली. तिला त्याच्यानंतर लई व्हायचं हे." तिनं विचारलं, "नुसती पिशवी काढली, का बाजूची अंडाशयं पण?" मी म्हणलं, "सगळंच." बाई म्हणली, "तुम्हाला जे पाच वर्षांत हळूहळू येतंय, ते त्यांना एका दिवसात आलं. त्यांना कोणी गोळ्या दिल्या होत्या का? कोणी समजावलं होतं का?"

कोणी समजावलं? मी समजावलं होतं ना. तू ओसरीत बसून हातानं छाती दाबून धरायचीस, घामानं निथळायचीस, आन मी आत्याबाईंच्या, दाजींच्या, शेजारणींच्या पुढं म्हणलं, "ढोंग हाय हे. काम टाळायचं ढोंग." एकदा तू माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवायला गेलीस, "बघ गं चांगे, कसं उडून राहिलं." मी हात ओढून घेतला. म्हणलं, "माझे हात हळदीचे हाईत." त्याच महिन्यात दाजींनी वाटणी मागितली आन तुला घेऊन पुसेगावला गेले. मी दारापर्यंतसुदिक आले न्हाई.

मागच्या पत्रात लिहिलं की डॉक्टर म्हणले तेच मी घरी सांगितलं. ते खोटं हाय. खरं आता लिहिते.

त्या डॉक्टरनं तुझ्या कॅन्सरचं काहीच म्हणलं न्हव्हतं. तुला तो बाहेर बसवून मला म्हणला, "गोळ्या देऊन बघू, नाहीतर काढता येईल. तुमची मर्जी." दोन्ही सांगितलं त्यानं. परत येताना जीपमधी मी हिशोब केला की गोळ्या म्हणजे अजून सहा महिने तू बाजूला आन मी कामाला. हळद तोंडावर होती. घरी येऊन मी दाजींना म्हणलं, "कॅन्सर व्हनार हाय, डॉक्टर म्हणले लगेच काढा." तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. मी तुझ्याकडं बघितलं न्हाई. तू मला म्हणलीस, "तू म्हणतीस तर काढू." एवढाच भरवसा होता तुझा.

ते नाव मी घातलं, आक्का. ह्यांच्या कानात परवा ते भ्यावानं शिरलं, पण मी तुझ्या वेळी ते उमजून-समजून, माझ्या तोंडानं घातलं. कामासाठी. हळदीच्या चार टोपल्यांसाठी.

आता माझी गत ऐक. सरकारी कागद ह्यांना दाखवला. हे म्हणतात, "सरकारी दवाखान्यात काय कळतं? मोठा डॉक्टर कॅन्सर म्हणून राहिला." मी म्हणते, "तो म्हणला न्हाई." हे म्हणतात, "मी माझ्या कानानं ऐकलं. आन धुरपतावहिनीला न्हव्हता का कॅन्सर होणार? काढली म्हणून वाचली ना ती?" कळलं का तुला? माझं खोटं या घरात अजून खरं म्हणून चाललंय, आन आता तेच मला टेबलावर झोपवून राहिलं. ते थांबवायचं तर मला ह्यांना सांगायला लागंल की आठ-नऊ वर्षांपूर्वी मी काय केलं. ज्या माणसाचा भाऊ त्यापायी तुटला, त्याला. रोज सकाळी ठरवते, आज सांगते. तोंड उघडते आन छातीत सुरू होतं. मग वाटतं, जाऊ दे, झोपावं टेबलावर, तेच बराबर हाय. तुझं काढलं तसं माझं काढू दे.

पण मला न्हाई काढायची, आक्का. मला लई भ्याव वाटतं.

चांगुणा


पुसेगाव, २५ मार्च

चांगुणा,

चारी पत्रं मिळाली. मला वाचाया येळ लागतो, तुला म्हाईत हाय. दुसऱ्याकून वाचून घ्यावं असलं त्यात काई न्हवतं, मनून एकेक वळीवर बोट ठिवून वाचली. लिहायला तीन दिस लागले.

तू इचारलं ते आदी सांगते. छातीत उडालं की उबी ऱ्हाऊ नको, बस. पाय भुईला टेकव. श्वास सोडताना हळू सोड, धा आकडे मोज. तोंडानं मोठ्यानं मन, हे आलंय तसं जाईल. लोकं याडी मनतील. मनू दे, मला मनलेच की. मला तीन वर्षं लई झालं. आता महिन्यातून एखांद बारी व्हतं. मेले न्हाई. आन लेकराला कडेवर घे. उबं राहून भ्याव वाटत आसलं तर बसून मांडीवर घे. त्याला काय समजतं कंबर दुखती ते.

आता दुसरं. मला म्हाईत व्हतं. इकडं आल्यावर ह्यांनी माझे कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवले. त्यात कुठंच ते नाव न्हवतं. त्यो डॉक्टर मनला, तुमाला हे कोनी सांगितलं? ह्यांनी माझ्याकडं बघितलं, म्या खाली बघितलं. ह्यांना लई राग आला व्हता, अमृतला जाऊन सांगतो मनले. म्या सांगू दिलं न्हाई. म्या मनलं ती सांगंल. तवापून वाट बघते. तुझी तीन पत्रं आली, पैल्या दोनात त्याचं नावच न्हाई, तिसऱ्यातबी तेच, डॉक्टर मनले, डॉक्टर मनले. मनून उत्तर दिलं न्हाई. चवथ्यात लिवलंस.

माफ केलं असं समजू नको. माझ्यानं ते व्हईल का न्हाई मला सांगता येत न्हाई. सकाळी वाटतं व्हईल, दुपारी वाटतं न्हाई.

पन तू त्या टेबलावर झोपायचं न्हाई. त्यानं माझं काई परत येनार न्हाई. एका घरात दोघींचं कापून कोनाला काय भेटनार हाय.

पाडव्याच्या दुसऱ्या दिशी सकाळच्या यष्टीनं येते. सरकारी कागद काढून ठिव. अमृतला तू सांगायचं, माझ्यामोरं. म्या एक शब्द बोलनार न्हाई, नुसती बाजूला बसीन.

त्या घरातून निघताना म्या मनले व्हते, या घरचं पानी पेनार न्हाई. ते अजूनबी पेनार न्हाई. माझी बाटली भरून आनते. सांगता सांगता तुझ्या छातीत उडालंच, तर त्यातले दोन घोट तुला देईन.

धुरपता